डावीकडची जागा

"जरा इकडे सरका साहेब," असं फोटोग्राफर ज्यांना म्हणाला ते दोघे ड्रायव्हर होते. मोठी माणसं येण्याआधी प्रकाश तपासायला कुणालातरी उभं करावं लागतं. लढणाऱ्या दोन्ही देशांच्या मंत्र्यांचे ड्रायव्हर बाहेर एकाच बाकावर बसले होते, त्यांनाच बोलावलं. त्यांनी हसत हात मिळवले, जागा बदलून पुन्हा मिळवले आणि एकाच काडीवर दोन सिगारेटी पेटवायला निघून गेले.

मग मंत्री आले आणि घोडं अडलं. तोफा थांबवायचं कालच ठरलं होतं. आधी फोटो, मग सह्या, सह्यांनंतर तासाभरात तोफा बंद. पण हात मिळवताना फोटोत डावीकडच्या माणसाचा हात पुढे दिसतो, तो वरचढ वाटतो. दोघांनाही डावीकडेच उभं राहायचं होतं.

"दोन फोटो काढू," फोटोग्राफर म्हणाला.

"आणि आधी कुठला छापणार?" दोन्हीकडचे अधिकारी एकदमच म्हणाले. दिवसभरात त्यांचं एकमत झालं ते एवढंच.

"फोटो उलटा करता येईल का?" एका अधिकाऱ्याने विचारलं.

"येईल. पण साहेबांचं पदक उजव्या छातीवर जाईल."

पदकवाल्या मंत्र्यांनी झटकन पदकावर हात ठेवला. नऊ दिवसांत एक अख्खं गाव हातचं गेलं तेव्हा ते एवढे दचकले नसतील.

फोटोग्राफरचा फोन थरथरला. सीमेवरच्या गावात दिलेली त्याची ताई. दोन मुलं आणि सासूला घेऊन ती नऊ दिवस तळघरात बसली होती. "झालं का रे? पाणी संपलंय. वर जाऊन नळाला येतंय का बघू?"

"थांब. होईलच आता," त्याने लिहिलं.

टेप आणून गालिचा मोजला गेला. गालिच्याचा मध्य सापडला, पण मध्य कुणालाच नको होता. एकाने हात न मिळवताच सह्या उरकायचं सुचवलं. बाकीच्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की बिचारा पुन्हा तोंड उघडेना. पाऊण तासाने निवेदन वाचलं गेलं: चर्चा अत्यंत खेळीमेळीत झाली, उरलेला एक मुद्दा उद्या. लगेच सगळे जेवायला उठले. हॉलला दोन दारं होती हे नशीब, नाहीतर आधी कोण बाहेर पडणार यावर आणखी एक दिवस गेला असता.

कॅमेऱ्यात फोटो एवढेच होते, दोन ड्रायव्हरांचे. फोटोग्राफरने ताईला लिहिलं, "बाहेर येऊ नकोस. डावीकडे कोण उभं राहणार ते अजून ठरत नाहीये."

त्याने दोनदा फोन लावला, लागला नाही. मग उत्तर आलं.

"बरं. इकडे डावीकडची भिंत पडली. आम्ही चौघं उजवीकडे सरकून बसलोय."