हातात आलेलं हँडल

खोलीचं दार उघडायला गेले आणि हँडल माझ्या हातातच आलं! आत पलंग लंगडा, उशीवर कुणाचे तरी केस, नळाला अखंड धार. आईला आयुष्यात पहिल्यांदा फिरायला आणलं, तेही या भिकार हॉस्टेलात! “खाली जाऊन मॅनेजरला झापतेच,” मी म्हणाले. “तू नाही, मी!” आईचे डोळे लकाकले. भाजी अळणी, चहा गार, शर्टाला बटण नाही, अशा घरभरच्या तक्रारी आजवर तीच मुकाट ऐकायची. हँडल हिसकावून ती पोरीसारखी जिना उतरली आणि काउंटरवरची घंटी दणादण बडवू लागली. मॅनेजर धावत आला. “काय तक्रार आहे, मावशी?” आईने हँडल त्याच्यासमोर आपटलं, खुर्ची ओढली आणि ऐसपैस बसली. तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा चेहरा नुसता फुलला होता. “सांगते ना!” ती म्हणाली. “आधी चहा मागवा, गरम. वेळ लागेल.”