आवजो म्हणणारा माणूस

कॅसेट सुरू झाली तेव्हा जयवंतरावांनी चहाचा पहिला घोट घेतला. बिनसाखरेचा होता. बाईंनी विचारलंसुद्धा नव्हतं.

पडद्यावर: पुस्तकांचं दुकान. पंखा फिरतोय. कुणी बोलत नाही.

"मांडवीतलं ना हे?"

"हो. फाइन आर्ट्सच्या मुलांनी हा सिनेमा काढला होता. थिएटरात काही लागला नाही. दुकानाच्या जागी आता मोबाइल विकतात."

पडद्यावर: एक मुलगी पुस्तक उघडते, वास घेते, परत ठेवते, निघते. गल्ल्यामागचा माणूस मान वर न करता गुजरातीत निरोप देतो, "आवजो."

"विकत काहीच घेतलं नाही हिने."

"कुणीच घेत नव्हतं. म्हणून तर चाललं नाही."

"दुकान की सिनेमा?"

बाई हसल्या. "दोन्ही."

जयवंतरावांना सिनेमा आवडत होता. त्यात काही घडत नव्हतं. उन्हाच्या पट्ट्यात धूळ तरंगत होती, तेवढंच पुरेसं वाटत होतं. फक्त तो माणूस नको होता.

पडद्यावर: संध्याकाळ. माणूस दिवा मालवतो. मान वर करतो आणि सरळ जयवंतरावांकडे बघतो. "आवजो."

त्यांच्या अंगावर काटा आला. "ओळखत असल्यासारखा बघतो हा."

बाई एकदम पुढे सरकल्या. "आणि तुम्ही? तुम्ही ओळखता?"

"नाही बुवा. कोण आहे?"

बाई मागे टेकल्या. "आमचे हे."

"नाव काय त्यांचं?"

"मी नाव घेत नाही त्यांचं. पहिल्यापासूनची सवय."

"वारले?"

"हळूहळू गेले. परत येतील म्हणून रोज कॅसेट लावते."

बिचारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, जयवंतरावांच्या मनात आलं. अशा घरात फार वेळ बसू नये. ते उठले.

"येतो मी. इथून मांडवीची रिक्षा मिळेल ना? घरी निरुपमा एकटी आहे. उशीर झाला की दारात उभी राहते."

बाई उठून दाराशी गेल्या. कडीवर हात ठेवून नुसत्याच उभ्या राहिल्या.

"नाव विचारलंत ना मघाशी," त्या म्हणाल्या. मग पदर सारखा केला. "जयवंतराव."

"छान नाव आहे," जयवंतराव म्हणाले आणि चपला शोधू लागले.