फोटोतली पोर

"हाच तो! फोटोत बघा!" असं ओरडत कुणीतरी पहिली काठी घातली आणि धार लावणारा आप्पा शिकलगार भर बाजारात कोसळला.

सकाळपासून मोबाइलवर फिरणाऱ्या त्या फोटोत आप्पाच्या हातात रक्ताळलेला सुरा होता आणि पायाशी गळा चिरलेली चिमुरडी. तो हात जोडत राहिला. लोकांनी त्याचंच धारेचं चाक उचलून त्याच्या छातीवर आदळलं.

मालन लेकीला कडेवर घेऊन गर्दीत घुसली. "थांबा! फोटोतली पोर ही माझी ओवी आहे. कुणीतरी तिचा फोटो तिथं चिकटवलाय. बघा, जिवंत आहे!"

एकानं मोबाइल ओवीच्या गालाजवळ धरला. "ही दुसरी आहे," तो म्हणाला, आणि काठ्या पुन्हा उठल्या. आप्पा तिथंच गेला.

काही दिवसांनी त्याची बायको मालनच्या दारात आली. तिनं ओवीची हनुवटी वर केली आणि तिच्या कोवळ्या गळ्यावरून सावकाश बोटं फिरवली.

"मलाही तो फोटो खरा वाटला होता गं," ती म्हणाली. "ते त्या दिवशी जिवंत घरी आले असते, तरी मी दार उघडलं नसतं."