अर्धी हाळी

पडद्यावर अजून नावंच येत होती, मागे एक धून वाजत होती, तेवढ्यात नवसाबाई खुर्चीतून उठून उभी राहिली.

"म्हातारे, खाली बस. आम्ही पण तिकीट काढलंय," मागून कुणीतरी म्हणालं.

लतानं पदर ओढून तिला बसवलं. लता शेजारच्या कॉलनीतली, घरवाला नोटांच्या प्रेसमध्ये. फुलं घेता घेता म्हातारीवर जीव जडला, म्हणून आज सिनेमाला घेऊन आली होती.

"काय झालं, मावशी?"

"हाळी हाय ती," नवसाबाई म्हणाली. "आमच्या मळ्यांतली."

मग तिनं सिनेमा पाहिलाच नाही. ती धून आली की डोळे मिटायची आणि धून थांबली की उघडायची.

ते १९८१ साल. त्या सिनेमाच्या पार्श्वसंगीताला राज्याचा पुरस्कार मिळाला होता. जयराम नावाचा संगीतकार, तोवर कुणी ऐकला नव्हता. पेपरात लिहून आलं होतं की धून अर्ध्यावरच सोडून देण्यात त्याची खरी कला आहे.

दसकच्या शिवारात तेव्हा फुलांचे मळे होते. एका टोकाला विहीर, दुसऱ्या टोकाला तोडणी. हाका पोचायच्या नाहीत, म्हणून प्रत्येक घराची आपली हाळी होती, सुरात बांधलेली. विहिरीवरून बाई अर्धी हाळी द्यायची आणि घरातलं जे कुणी लांब असेल ते उरलेली अर्धी परत धाडायचं. याला ओ देणं म्हणत. दुसऱ्या घरच्या हाळीला मात्र कुणी ओ द्यायची नाही, थट्टेतसुद्धा नाही. दिली तर ज्याला हाक मारली ते माणूस घरी परतत नाही, असं मानायचे. पुढे विजेची मोटार आली, तिच्या आवाजात हाळ्या बंद पडल्या. लता आली ती त्यानंतर.

"तुमच्या घरची का ही?" परतताना टांग्यात लतानं विचारलं.

"रोज ऐकलीय, बाई."

"मग सिनेमावाल्याला कुठं सापडली? मळ्यांतल्या कुणाला विचारा ना."

"कुणाला इचारू? शेजारच्या मळ्यात चांगुणा व्हती, ती दुष्काळात वारली. बाकीचे मळे इकून गेले."

पंधरा दिवसांनी नाशकात जयरामचा सत्कार झाला. नवसाबाईनं लताला सांगितलं, मला घेऊन चल. तिच्या मळ्यात गुलाब बहरला होता. तरी तिनं बाजारातून झेंडू घेतला.

"घरचा गुलाब सोडून हे काय?" लता म्हणाली.

"असू दे."

जयराम सडपातळ, पस्तिशीच्या आतला. भाषण द्यायची सवय नव्हती त्याला.

"धून अर्धी ठेवली म्हणून माझं कौतुक झालं," तो म्हणाला. "खरं सांगतो, मला पुढची येत नाही. मी दादरच्या फुलबाजारात सापडलो, फुलांच्या पाट्यांत झोपलेला. तीन-चार वर्षांचा असेन. गाडी कुठून आली होती, कुणाला ठाऊक नाही. अनाथाश्रमात वाढलो. जवळ फक्त एवढे सूर होते. ते सिनेमात घातले ते एवढ्यासाठी, की कुणीतरी ऐकेल आणि पुढचे सांगेल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लता वळून नवसाबाईकडे पाहत राहिली. नाशिक रोडहून पहाटेच्या गाडीनं मळ्यांतल्या पाट्या दादरला जायच्या, हे नवसाबाईनंच तिला सांगितलं होतं.

"मावशी, तुम्ही कधी बोलला नाहीत."

"काय बोलायचं," नवसाबाई म्हणाली आणि उठली.

मागच्या खोलीत जयराम हार काढून ठेवत होता. नवसाबाईनं झेंडूचा पुडा पुढं केला. त्यानं तो घेतला, नाकाशी नेला, आणि तसाच धरून उभा राहिला.

"बाबा, एक सांगाया आले व्हते," ती म्हणाली. "ती तुमची धून..."

"तुम्हाला माहीत आहे?" त्यानं विचारलं. "ते गाणारी बाई... आहे का अजून?"

नवसाबाईनं त्याच्या हातातल्या झेंडूकडे पाहिलं. त्याच्या बोटांत पाकळ्या चुरगळत होत्या.

मग तिनं डोळे मिटले आणि उरलेली अर्धी हाळी हलक्या आवाजात म्हटली.

जयराम खाली वाकला. त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई," तो म्हणाला.

तिचा हात जरा वेळ हवेतच राहिला. मग तो त्याच्या डोक्यावर टेकला.

"काळू नाव तुझं."

"मला शोधलं होतं?"

"गाव पालथं घातलं. स्टेशनवर जाऊन बसणं झालं. मग रोज सांजसकाळ हाळी. घसा बसला, तरी थांबली नाय."

"आता मुंबईला चल माझ्याबरोबर."

"नको रे. तूच येत जा. भाकरी करून घालीन."

दारात लता तोंडावर पदर धरून रडत होती. जयराम टांग्यापर्यंत पोचवायला आला. पुढच्या रविवारी येतो म्हणाला, आणि टांगा वळेपर्यंत तिथंच उभा राहिला.

घरी पोचता पोचता दिवस मावळला. लता चहा टाकायला आत गेली. नवसाबाई आपल्या घराकडे न वळता लताच्या परसात गेली. कॉलनी व्हायच्या आधी तिथं झेंडूचे वाफे होते. कोपऱ्यातली विहीर आता फरशी टाकून बंद केलेली होती. नवसाबाई त्या फरशीवर बसली. तिनं तळहात दगडावर ठेवला.

"चांगुणे," ती म्हणाली, "तुझा काळू आला व्हता गं. ओ मी दिली."