दोन सीटांची गाडी

"कारखान्यातली मशिनं दहा मिनिटांत सुरू करतो मी, आणि ही बया रविवार आला की रुसते!" बॉनेटमध्ये डोकं खुपसून शशिकांत पुटपुटला. त्र्याण्णव साली मुंबईहून मोडीच्या भावात आणलेली ती लाल स्पोर्ट्स कार त्याने सिल्वासाच्या क्वार्टरसमोर स्वतःच्या हातांनी जोडली होती. गाडीत सीटा दोन आणि घरात माणसं तीन: तो, बायको मंजिरी आणि आई. दादऱ्याच्या तळ्याकाठच्या बागेत आधी कुणाला न्यायचं, हा विषय तिघंही टाळत होती.

मंजिरीला मात्र वेगळंच कोडं पडलं होतं. शनिवारी राखोलीपर्यंत जाऊन येणारी गाडी रविवारीच कशी बंद पडते? गाडी चालवायला शिकताना तिचं इंग्रजी पुस्तकही मंजिरीने डिक्शनरी घेऊन वाचून काढलं होतं. आज तिने वाकून पाहिलं.

"अहो, प्लगच्या दोन वायरी उलटसुलट लागल्यात."

तिने त्या नीट लावल्या, स्टिअरिंगपाशी बसून किल्ली फिरवली, आणि इंजिन पहिल्याच झटक्यात गुरगुरलं.

शशिकांतचा चेहरा उतरला. "खड्ड्यांमुळे निघाल्या असतील..."

"आणि खड्ड्यांनीच उलट्या लावल्या होय रे?" सासूबाई पायरीवरून उठल्या, पदर खोचून मंजिरीच्या शेजारी येऊन बसल्या. "दर रविवारी सकाळी खिडकीतून बघते मी तुझे उद्योग. आम्हा दोघींतल्या एकीला मागे ठेवायचा धीर होत नाही ना तुला? मग तूच थांब घरी. चल गं मंजिरी!"