उंदरांनी खाल्लेली वर्दी

पाहुण्याने दारातच पिशवी उघडली आणि वर्दीचा कोट बाहेर काढला. चांगला धडधाकट कोट. हिरवट खाकी, खांद्यावर जरासा विटलेला, पुढे पितळेची बटणं, घासून लख्ख केलेली.

लेकीने दाराची चौकट घट्ट धरली.

"घाबरू नका ताई, विकायला नाही आलोय," पाहुणा हसला. "माझं चष्म्याचं दुकान आहे. नाद मात्र हा. युद्धातल्या वर्द्या जमवतो, आणि ज्याची असेल त्याला हुडकून काढतो. कॉलरच्या आत नंबर असतो ना, त्यावरून. बायको म्हणते, आपल्या घरात माणसं कमी आणि पलटण जास्त. तुमचे वडील…"

"झोपलेत ते."

"कोण आलंय गं?" आतून खणखणीत आवाज आला. झोपलेल्या माणसाचा आवाज असा नसतो.

वर्दी उंदरांनी खाल्ली, असं तिने वडिलांना सांगून टाकलं होतं. झालं होतं एवढंच, की एका रविवारी साफसफाईचा झटका आला, जुने पडदे निघाले, गाद्यांसाठी ट्रंक रिकामी हवी होती. तळाशी होतं नव्हतं ते गाठोड्यात गेलं आणि गाठोडं जुन्या कपड्यांच्या दुकानात. पुढे वडिलांनी विचारलं, तेव्हा तोंडातून उंदीर निघून गेले. "बटणं तरी उरली असतील?" ते म्हणाले होते. "काही नाही उरलं." मग खोट्याला टेकू म्हणून तिने एक सापळा आणला, त्यात पावाचा तुकडा अडकवला आणि कपाटाखाली सरकवला. अजून होता तो तिथेच. केर काढताना ती त्याला वळसा घालायची.

पाहुणा तोवर आत पोचलासुद्धा. खिडकीपाशी खुर्चीत बसलेल्या वडिलांच्या मांडीवर त्याने कोट अलगद ठेवला, एखादं तान्हं मूल द्यावं तसा.

"ओळखलंत काका? तुमची असेल तर ती तुमचीच. अंगात घालून मला एक फोटो काढू द्या, दोन शब्द सांगा, की मी वर्दी इथेच ठेवून जाणार. नियमच आहे माझा."

वडिलांचे हात कोटावर नुसते टेकले होते. मग बोटं हलली आणि वरून खाली एकेक बटण लावत गेली. हल्ली रोज सकाळी शर्टाची बटणं लेक लावून द्यायची. थरथर इतकी, की बोटांत काही म्हणून ठरत नसे. ही बटणं त्यांनी न बघता लावली. तिसऱ्या काजाशी बोट जरा अडलं, तिरकं झालं, आणि बटण आत गेलं.

"मला कशी मिळाली, ते ऐका, गंमतच आहे," पाहुणा रंगात आला होता. "जुन्या कपड्यांचा एक दुकानदार आहे माझ्या ओळखीचा. तो म्हणाला, एक बाई आल्या होत्या, पडद्यांचं गाठोडं घेऊन, आणि त्या गाठोड्यात—"

आत्ता सांगावं, तिला वाटलं. बाबा, ती बाई मीच.

"ही माझी नाही," वडील म्हणाले.

पाहुणा थबकला. "पण काका, नंबर—"

"नंबरचं काय घेऊन बसलात! त्या धांदलीत ज्याच्या हाताला जी लागेल ती तो चढवायचा. माझी तर उंदरांनी खाल्ली. विचारा हिला."

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"हो," ती म्हणाली. "उंदरांनीच."

पाहुण्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "माफ करा हं. उगाच आशेला लावलं तुम्हाला." तो कोटाची घडी घालू लागला.

"अशी नको. बाह्या आत घ्या. डावी खांद्याशी उसवते."

"तुम्हाला कसं…?"

"सगळ्यांच्याच उसवायच्या," वडील म्हणाले आणि त्यांनी मांडी झटकली.

पाहुणा जिना उतरला. त्याची पावलं खालच्या मजल्यापर्यंत नीट ऐकू येत होती. हाक मारली असती तर थांबला असता. तिने दाराला कडी घातली आणि ती आत आली.

"गेला?"

"गेला."

"भला माणूस आहे. जपेल." मग कपाटाकडे बघत, "कपाटाखालचा तो सापळा काढ आता. कुणाचं तरी बोट सापडायचं."

ती गुडघ्यांवर बसली, हात घालून सापळा ओढून काढला. त्यावर धुळीचा थर होता. पावाचा तुकडा दगडासारखा झाला होता. त्याला कधी कुणी तोंडही लावलं नव्हतं. ती तो हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली.

वडील खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण सुटलं होतं.

"फार हुशार होते हं आपल्याकडचे उंदीर," ते म्हणाले. "पितळसुद्धा पचवलं."

आणि बटण लावून घ्यायला, रोजच्यासारखी, त्यांनी हनुवटी वर केली.