जिभेखाली

टप्.

दुपारची सामसूम होती. पोर खिडकीपाशी चित्र रंगवत होती, नवरा आतल्या खोलीत आडवा झाला होता. तिने त्याची हत्यारांची पिशवी पुन्हा एकदा झटकली. फरशीवर आणखी एक टप्. वायरमनची पिशवी ती, शिवण उसवली होती. सुट्टी आहे तर दोन टाके घालू म्हणून घेतली होती हातात. पक्कड, टेस्टर, स्क्रू आधीच काढून ठेवलेले. हे पडलं होतं ते तळाशी कोंबलेल्या रुमालातून.

तिने रुमालाची सैल झालेली गाठ सोडली. पांढऱ्या गोळ्या, अकरा. थुंकी लागून वाळलेल्या, खरबरीत.

ओळखायला वेळ लागला नाही. रोज सकाळी सातला अशीच एक गोळी ती त्याच्या तळहातावर ठेवायची, आणि एक तो तिच्या. पोरीच्या वेळच्या तपासणीत दोघांनाही एचआयव्ही निघाला, पोर तेवढी सुटली. तेव्हापासूनचा हा नेम. एकाने दुसऱ्याला द्यायची, म्हणजे चुकायचं नाही. गिळून झालं की तो पोटावर थाप मारायचा, "टपाल पोचलं," म्हणायचा. ती हसायची. आज सकाळीही हसली होती.

ती आत गेली आणि त्याच्यासमोर मूठ उघडली.

तो उठून बसला. पंचविशीचा बाप्या, पण शाळेत पकडलेल्या पोरासारखं तोंड झालं त्याचं.

"आजची कुठंय?"

त्याने शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी काढून दिली.

"गोळी बदलून दिली ना, तेव्हापासून गरगरतं गं," तो म्हणाला. "शिडीवर चढलो की हात सुटतो. मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, काय रे, सकाळी सकाळीच टाकून आलास काय?"

"मागच्या आठवड्यात दवाखान्यात सिस्टरनी विचारलं, काही त्रास होतो का. मी शेजारीच बसले होते. तू म्हणालास, एकदम ठणठणीत."

"होतो म्हटलं असतं, तर तू मला शिडीवर चढू दिलं असतंस?"

"अरे, डॉक्टरांनी वेळ बदलून दिली असती. झोपताना घे म्हणाले असते. नाहीतर गोळीच बदलली असती परत. त्यासाठीच विचारतात ना ते? आणि मला नाही, निदान त्यांना तरी सांगायचंस."

तो चादरीची सुरकुती सारखी करत राहिला.

"मग टाकून का नाही दिल्यास? ठेवल्यास कशाला गाठ मारून?"

"टाकवल्या नाहीत." त्याने वर पाहिलं नाही. "तुझ्या हातच्या होत्या."

तिने फळीवरची बाटली काढून आणली, एक गोळी त्याच्या हातावर ठेवली, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला दिला.

"उद्या सकाळी आपण दवाखान्यात जातोय. मुकादमाला काय सांगायचं ते सांग. आता ही घे, माझ्यासमोर."

त्याने गोळी तोंडात टाकली, दोन घोट पाणी प्यायला. पोटावर थाप मारली नाही.

"आ कर."

"गिळली गं."

"आ कर म्हटलं ना."

त्याने आ केला. तिने त्याची हनुवटी धरली, जीभ वर उचलायला लावली, आणि गालाच्या आतून, दाढांच्या मागून बोट फिरवलं. त्याने डोळे मिटून घेतले होते. काही नव्हतं. तिने पुन्हा एकदा बोट फिरवलं.

पोर कधी दारात येऊन उभी राहिली, दोघांनाही कळलं नाही. तिने आधी बापाच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं, मग आईकडे.

"आई," ती म्हणाली, "तू बाबावर रागावलीयस की घाबरलीयस?"